मालनचे अकरा फर्मे

मालनताई माफ करणारी बाई नव्हती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूनं तिच्या हातच्या सोलकढीला चार माणसांत नावं ठेवली, तर सासू जिवंत असेपर्यंत तिनं त्या घरात सोलकढी केली नाही. सण असो, पाहुणे असोत, नाही म्हणजे नाही. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. साकीनाक्याच्या कारखान्यात आमची मशीनं शेजारी शेजारी होती. मीही तेव्हा हसले होते. आपलाही कधी नंबर लागेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती देवगडकडची. आई गोधड्या शिवायची, अख्ख्या वाडीच्या. जुनी लुगडी, धोतरं घेऊन बायका यायच्या आणि तिच्या आईच्या हातची गोधडी घेऊन जायच्या. मालनताई सातव्या वर्षापासून आईसमोर बसून टाके घालायची. एकोणिसाव्या वर्षी गुणाजी तांब्यांशी लग्न झालं आणि घाटकोपरला भटवाडीत आली. टेकडीच्या उतारावरची बैठी चाळ, एक खोली, बाहेर चार पायऱ्या. गुणाजी भाऊ गिरणीत होते. एक मुलगी, चंपा. ब्याऐंशीत संप सुरू झाला तेव्हा मालनताई चौतीस वर्षांची होती आणि चंपा पाचवीत. चार महिने वाट बघितली, मग ती कुणाला न विचारता बसमध्ये बसून साकीनाक्याला आली आणि गाळ्यागाळ्यांतून काम विचारत फिरली.

आमचा कारखाना दुसऱ्या मजल्यावर होता. मालक नंदकिशोर शेठ. माल परदेशात जायचा. शेठ त्याला क्विल्ट म्हणायचे, आम्ही आपसात गोधडीच म्हणायचो. वर छापील कापड, मध्ये पॉलिस्टरचा फुगीर थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांतून मशीननं नक्षी मारायची. मालनताई सोडून आम्ही बावीस बायका होतो. आमच्यावर माणिक मास्तर. कापड बेतायचं, नक्षी आखायची, कोणतं काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं, सगळं मास्तरांच्या हातात. पन्नाशीचे, बारीक, दम्यानं सदा खोकणारे. मालाडहून यायचे. वाईट माणूस वाटायचे नाहीत. मी नवीन असताना तिरपी शिवण त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतली होती.

त्या कामातली खरी अडचण खडूची होती. मास्तर पुठ्ठा ठेवून खडूनं नक्षी आखायचे. पण एवढी मोठी गोधडी मशीनखालून ओढताना, गुंडाळताना, पुन्हा उलगडताना खडू पुसून जायचा. मग बाई अंदाजानं शिवायची. गोल म्हटला तर भोपळा व्हायचा, सरळ रेघ नागासारखी जायची. तिकडून माल परत यायचा आणि शेठ आमच्यावर ओरडायचे.

एक दिवस मालनताईनं चंपाची लाकडी फूटपट्टी पिशवीतून काढली. कापडावर ठेवली, डाव्या हातानं दाबून धरली आणि मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो तो, पट्टीच्या कडेला टेकवून कापड पुढे सरकवलं. रेघ एकदम सरळ आली. आम्ही बघतच राहिलो. दुसऱ्या रेघेला पट्टी पायाच्या खाली घुसली, सुई कडकन मोडली आणि तिचा तुकडा ताईच्या हनुवटीत शिरला. तिनं तो नखांनी उपटून काढला, रक्त पदरानं पुसलं आणि म्हणाली, "जमतां गो. फक्त पाय वेगळो होयो."

गुणाजी भाऊंचा चुलतभाऊ धाकू खैरानी रोडला लेथवर काम करायचा. तिनं त्याच्यासमोर कागदावर चित्र काढून ठेवलं. धाकूनं तिला पोलादी गोल पाय कातून दिला, एखाद्या जाड अंगठीसारखा. बरोब्बर मधोमध सुई उतरणार, आणि कुठल्याही बाजूनं मोजलं तरी सुईपासून बाहेरच्या कडेपर्यंत पाव इंच. उंचीही अशी, की पट्टी खाली घुसणार नाही. मशीनचे खालचे दाते तिनं पत्र्यानं झाकले, म्हणजे कापड दात्यांच्या मर्जीनं न जाता हाताच्या मर्जीनं फिरेल. मग दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकचे जाड तुकडे आणले, करवतीनं कापले, कानशीनं घासले, आणि सरकू नयेत म्हणून खालच्या बाजूला पॉलिश पेपर चिकटवला. एक लांब पट्टी, एक लाट, एक पान, एक कोयरी, लहानमोठे गोल, पंखा. असे अकरा फर्मे झाले. फर्मा कापडावर ठेवायचा, पाय त्याच्या कडेला भिडवायचा आणि फिरवत न्यायचा. कोयरी म्हटली की कोयरीच. शंभर काढा, शंभरही जुळ्या बहिणींसारख्या.

यात एक मेख होती. सुई फर्म्याच्या कडेवरून जात नाही, पाव इंच लांबून जाते. म्हणून गोलाच्या बाहेरून फिरायचं असेल तर फर्मा सगळीकडून पाव इंच कमी कापायचा. आणि फर्म्याला खिडकीसारखं भोक असेल, आतून फिरायचं असेल, तर ते भोक पाव इंच वाढवायचं. आज कागद घेऊन बसलं तर कुणालाही कळेल. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. ताईला ते सांगायचं सुचलं नाही, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. ती फर्मे करायची, आम्ही वापरायचो. पानाचा फर्मा कसा फिरवायचा हे तिनं सर्वांत आधी मला शिकवलं. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणायची, "दाबू नको, जये. नुसता टेकून रव."

वर्षभरात कारखान्याचं नाव झालं. शेठनी सगळ्या मशीनांना तसे पाय बसवून घेतले. आणि इथंच वाट लागली. फर्मे कुणाचे, असं शेठनी विचारलं तेव्हा माणिक मास्तर म्हणाले होते, माझे. मास्तरांचा पगार वाढला, त्यांना टेबलाशी पंखा मिळाला. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मालनताईला तर नव्हतंच.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तिकडची मडम आली, माल घेणारी. हातात फर्मा घेऊन उलटसुलट करून बघत होती. शेठ तिला इंग्रजीत काहीतरी सांगत होते, मास्तर शेजारी हात बांधून उभे होते. मडमनं मालनताईकडे बोट दाखवून काही विचारलं. शेठ म्हणाले, "मालनबाई, मॅडम विचारतात, हे वापरायला मास्तरांनी शिकवलं का?"

ताईनं मान वर केली. "मास्तर कशाला शिकवतील? फर्मे मी केलेत. पाय माझ्या दिरानं केलाय."

मास्तरांचा चेहरा पडला. शेठनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि मडमला घेऊन केबिनमध्ये गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या गच्चीवर गेलो होतो. माझा लोणच्याचा डबा खाली राहिला म्हणून मी परत आले. भिंतीला ओळीनं खुंट्या होत्या, तिथं आमच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. माणिक मास्तर तिथं उभे होते आणि त्यांचा हात मालनताईच्या निळ्या पट्ट्यांच्या पिशवीत होता.

त्यांनी मला पाहिलं. हात सावकाश बाहेर काढला. थोडं खोकले आणि म्हणाले, "जया, तुझं नाव मी शेठकडे दिलंय. कायम करतील तुला पुढच्या महिन्यात."

मी लोणच्याचा डबा घेतला आणि वर गेले. ताईनं मला विचारलंसुद्धा, "किती वेळ गो?" मी म्हणाले, झाकण घट्ट बसलं होतं.

संध्याकाळी सुटायच्या वेळी मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं. परदेशी धाग्याची आठ रिळं कमी आहेत म्हणाले. एकेकीची पिशवी बघितली. मालनताईची पिशवी त्यांनी बघितली नाही, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर सरळ उलटी केली. डबा पडला, त्याचं झाकण उघडून उरलेली भाजी सांडली. कंगवा पडला, चंपासाठी घेतलेल्या दोन रिबिनी पडल्या. आणि आठ रिळं गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेली.

ताई आधी रिळांकडे बघत राहिली, मग आमच्याकडे. एकेकीच्या तोंडाकडे. बावीसजणींतली एकही बोलली नाही. सुंदराबाई म्हणून एक विधवा बाई होती, ताई तिला आपल्या डब्यातलं रोज द्यायची. तीही पायाकडे बघत होती. मी कुठे बघत होते ते मला आठवत नाही. आठवायला नको असेल.

"मेल्या, माका चोर म्हणतंस?" एवढंच ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "मी काय म्हणणार? पिशवी म्हणतेय." शेठ केबिनच्या दारात उभे होते. पोलिसांत देत नाही, हे उपकार समजा, असं म्हणाले. तिनं सांडलेली भाजी हातानं गोळा करून डब्यात भरली. फर्मे मागितले तर मास्तर म्हणाले, कारखान्याच्या वेळात केलेली वस्तू कारखान्याची.

बातमी तिच्या आधी भटवाडीत पोचली, कारण चाळीतली एक बाई आमच्या खालच्या गाळ्यात कामाला होती. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सामाईक दोरीवरचे आपले कपडे काढून पलीकडे वाळत घातले. ताईनं हे पाहिलं. पण तिला लागलं ते दुसरंच. गुणाजी भाऊ, जे तिच्यापुढे कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्यांनी जेवताना खाली बघत विचारलं, "घेतलंस का गं?"

तिनं त्यांच्या ताटात भात वाढला. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याला आपण कुठं जातो हे सांगणं बंद केलं. स्वयंपाक करायची, वाढायची, आजारपणात पाय चेपायची. पण घराबाहेर पाऊल टाकताना एक शब्द नाही. भाऊ चंपाला विचारायचे, "आई कुठं गेली गं?" ही पद्धत त्या घरात शेवटपर्यंत राहिली.

मी पुढच्या महिन्यात कायम झाले.

पाच महिने गेले. ताई कुणाचे ब्लाउज शिवायची, कुणाला फॉल लावून द्यायची. मी एकदा भेटायला गेले होते. तिनं मला बसवलं, माझ्यापुढे मन मोकळं केलं. "जये, मी त्याला सोडायची नाही," ती म्हणाली. "देव बघून घेईल असं सासरचे म्हणतात. देवाला काय पडलंय? त्याची पिशवी थोडीच उलटी केली." तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होती आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी मध्येच उठले. तिनं मला डब्यात चार घावणे बांधून दिले.

ऑगस्टमध्ये मोठी ऑर्डर आली. त्याच मडमची. तीनशे क्विल्ट, नाताळाच्या आधी तिकडे पोचायला हवेत, आणि नक्षी एकात एक अडकलेल्या गोलांची, साखळीसारखी. गोल पुरे सहा इंची हवेत. आमच्याकडे एवढा फर्मा नव्हता. मास्तरांनी पाट्यावाल्याकडून सहा इंचांचा गोल कापून आणला. शिवलं तर साडेसहा झाला. चौदा गोलांच्या ओळीत शेवटचा गोल काठाच्या बाहेर गेला. मास्तरांना वाटलं फर्मा घसरला. पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. मग त्यांनी बाहेरून फिरायचे आणि आतून फिरायचे असे नवे फर्मे कापून आणले, सगळेच लहान. बाहेरून फिरणारे बरे आले, पण आतून फिरणारे इतके आखडले की गोल एकमेकांना शिवेनात. मग सगळे मोठे केले. आठ दिवसांत कापडाचे तागे फुकट गेले. जुन्या अकरा फर्म्यांवर मास्तर पट्टी लावून बसायचे, आकडे लिहायचे, खोडायचे. धाकूकडेही जाऊन आले. धाकू म्हणाला, मी पाय करतो, फर्म्याचं मला काय विचारता, ज्यांचे आहेत त्यांना विचारा.

शेवटी शेठ स्वतः भटवाडीत गेले. पुढचं मला चंपानं सांगितलं. ती तेव्हा आठवीत होती आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसली होती. शेठ टेकडी चढून घामाघूम झाले होते. ताईनं पाणी दिलं, खुर्ची दिली.

शेठ म्हणाले, "मालनबाई, झालं ते झालं."

"तुमचं झालं, शेठ. माझं अजून व्हायचंय."

"काय पाहिजे बोला. पगार वाढवून देतो. मास्तरांच्या जागी बसवतो."

"ज्या टेबलावर माझी पिशवी उलटी केली, त्याच टेबलावर मास्तरांनी स्वतःची पिशवी उलटी करायची. सगळ्यांसमोर. आणि रिळं कुणी ठेवली ते बोलायचं. मोठ्यानं."

शेठनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हातारा माणूस आहे. दमेकरी आहे."

"मी कुठं त्याला पळायला सांगतेय?"

जाताना शेठ म्हणाले, उद्या गाडी पाठवतो. ती म्हणाली, मी माझ्या बसनं येईन.

दुसऱ्या दिवशी दहाला ती आली. हिरवी, लाल काठांची साडी, लग्नाकार्यात नेसायची ती. केसांत अबोलीचा वळेसर. आम्ही मशीनं बंद केली. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही, टेबलाच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली. शेठ म्हणाले, "मास्तर, उरकून टाका."

माणिक मास्तरांनी आपली कापडी पिशवी आणली. त्यांनी एकेक वस्तू काढून ठेवायला सुरुवात केली, तशी ताई म्हणाली, "काढायची नाही. उलटी करायची."

त्यांनी उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, पुडीत बांधलेल्या दम्याच्या गोळ्या, पंचा. आणि एक लहानसं झबलं. वर्षादीड वर्षाच्या पोरीला होईल एवढं. आमच्याच क्विल्टच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं, गळ्याला नाजूक नागमोडी शिवण घातलेलं. मास्तरांच्या मुलीला मुलगी झाली होती हे आम्हाला माहीत होतं. उरलेले तुकडे आम्ही सगळ्याच न्यायचो, कुणी पिशव्या करायचं, कुणी पायपुसणी. कुणाला त्यात काही वाटत नसे.

ताईनं झबलं उचललं. मला वाटलं, आता ती नरमेल. तिनं ते उलटं करून आतली शिवण पाहिली.

"कापड कुणाचं?"

मास्तर चष्म्याचं घर सरळ करत राहिले.

"मास्तर, कापड कुणाचं?"

"कारखान्याचं."

"विचारून घेतलं?"

"नाही."

"याला काय म्हणतात?"

मास्तरांना खोकल्याची उबळ आली. ते टेबलाला धरून वाकले. कुणीतरी पाणी आणायला उठलं, तर ताईनं हात आडवा केला. उबळ संपेपर्यंत ती थांबली. मग पुन्हा तेच विचारलं.

"चोरी," मास्तर म्हणाले.

"मागे ऐकू गेलं नाही."

"चोरी!" ते ओरडले आणि रडायला लागले. मग न विचारता सगळं बोलले. रिळं मीच ठेवली, फर्मे हिचेच आहेत, मडमसमोर माझी लाज गेली, मला वाटलं माझी नोकरी जाणार. बोलता बोलता त्यांनी आमच्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस बाजूच्याला धरतो तसं त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. जयाला. हिनं बघितलं होतं मला रिळं ठेवताना. हीसुद्धा गप्प बसली."

ताई वळली. आल्यापासून पहिल्यांदा तिनं आमच्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडेच पाहिलं.

"जये?"

मी नाही म्हणू शकले असते. मास्तरांवर त्या क्षणी कुणी विश्वास ठेवला नसता. पण माझी मान आपोआप हलली.

आजही मला वाटतं, माझं नाव निघालं नसतं तर ती कामाला बसली असती. तिला हवं होतं ते मिळालं होतं. खांद्यावरचा पदर तिनं कमरेला खोचलासुद्धा होता, मशीनवर बसण्याआधी खोचायची तसा. तिनं तो सोडून पुन्हा खांद्यावर घेतला. मग शेठना म्हणाली, "फर्मे द्या."

शेठनी लगबगीनं कपाटातून अकराही फर्मे आणून टेबलावर मांडले. टेबलाच्या टोकाला इस्त्री होती, वजनदार, दिवसभर तापलेली असायची. ताईनं ती उचलली आणि टोकानं पहिल्या फर्म्यावर घातली. कोयरी होती. तिचे दोन तुकडे झाले. शेठना आधी कळलंच नाही. ते धावले तोवर पान, लाट, पंखा गेले होते. तिनं लांब पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवून मोडली. मोठा गोल घाव घालून फुटेना, तर तिनं तापलेली इस्त्री त्याच्यावर दाबून धरली. ॲक्रिलिकचा उग्र वास सुटला. गोलाची कड मऊ होऊन खाली झुकली.

"पोलिसांत देईन!" शेठ ओरडले. "कारखान्याचा माल आहे!"

"द्या. आत्ताच मास्तर म्हणाले फर्मे माझे. बावीसजणींनी ऐकलंय." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "या वेळी तरी ऐकलंत ना?"

मास्तर खाली बसले होते. झबलं टेबलावर तसंच पडलं होतं. ती पायऱ्या उतरून गेली.

ऑर्डर गेली. मडमनं पुन्हा काम दिलं नाही. शेठनी जुने खडू बाहेर काढले, दुसरं गिऱ्हाईक शोधलं, पण पुढच्या होळीच्या आत गाळा बंद झाला. आम्ही बावीसजणी रस्त्यावर आलो. कायम झालेली मीही. सुंदराबाई धुण्याभांड्यांच्या कामाला लागली. एक दिवस ती भटवाडीत जाऊन ताईच्या दारात ऊर बडवत बसली. "तुझं भांडण मास्तराशी, माझ्या पोटावर का पाय दिलास?"

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, रिळं कुणी ठेवली ते तुम्हाला ठाऊक नसतं तरी चाललं असतं. 'मालन असं करणार नाही' एवढं म्हणायला काही बघायला लागत नव्हतं. तेवढंही कुणी म्हटलं नाहीत."

सुंदराबाईला मात्र तिनं कायमचं तोडलं नाही. शह्याऐंशीत तिनं शेजारची खोली भाड्यानं घेऊन दोन मशीनं टाकली. धाकूनं नवे पाय केले, तिनं नवे फर्मे कापले, आधीपेक्षा सफाईदार. मालाडच्या बाजारात एक दुकानदार तिच्याकडून लग्नाच्या रुखवतात मांडायच्या गोधड्या घ्यायला लागला. दोनाची पाच मशीनं झाली. पहिल्यांदा तिनं सुंदराबाईलाच बोलावलं, मग जुन्यांपैकी आणखी तिघींना. गुणाजी भाऊंना मुलुंडला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली होती. तिचा व्यवसाय एवढा वाढला हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळायचं.

अठ्ठ्याऐंशीत माणिक मास्तर गेले. दम्यानंच. मी मालाडला त्यांच्या घरी गेले तर बायकांमध्ये मालनताई बसलेली. दोन तास बसली होती. मास्तरांच्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, चहा झाला तेव्हा कप गोळा केले. बाहेर पडल्यावर मी धीर करून म्हणाले, "बरं केलंत आलात."

"खात्री करायला आले होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "झबल्यातल्या पोरीला बघायला पण." आणि बस आली तशी चढली.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याचं काम सुटलं. दोन लहान मुलं होती. मी खूप दिवस विचार केला आणि भटवाडीत गेले. दुपारची वेळ होती. चार मशीनं चालू होती, एक कोपऱ्यात रिकामं होतं. त्याच्यावर गोधडीचं कव्हर घातलेलं. ताईनं मला आत घेतलं, चहा केला, मुलांची नावं विचारली, धाकट्याला गोवर येऊन गेला म्हटल्यावर काय खायला द्यायचं ते सांगितलं. सुंदराबाई मशीनवरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "ताई, मला काम द्या."

"नाही," ती म्हणाली.

"मशीन रिकामं आहे."

"असू दे."

"सुंदराबाईला दिलंत. त्या तिघींना दिलंत."

"त्यांना माहीत नव्हतं." तिनं माझा कप उचलला. "जये, मी तुझं वाईट चिंतत नाही. रोज सकाळी दिवा लावते तेव्हा तुझंही नाव येतं तोंडात, चांगलंच येतं. पण तू त्या मशीनवर बसलीस, की मला रोज लोणच्याचा डबा दिसेल. मला नाही जमायचं ते."

मी रडले. ती माझ्याजवळ उभी राहिली, रडू दिलं. मग मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आली. "तिसरी हलते, जपून," म्हणाली.

पुढे मला असल्फ्याच्या एका बालवाडीत काम मिळालं, आणि तिथंच मी रमले. लग्नाकार्यात आमची गाठ पडते. ती माझ्याशी बोलते, माझ्या मुलांना नावानं हाक मारते, थोरल्याच्या लग्नात तिनं हातानं शिवलेली गोधडी दिली, तिची आई शिवायची तशी, मशीन न लावता. काम तिनं कधी दिलं नाही. मीही पुन्हा मागितलं नाही.